जी म्हणणारा गुंड

आमच्या मोताळ्यात अहो-जाहोची पहिल्यापासून टंचाई आहे. पुण्याची माझी जाऊ इकडे येते तेव्हा पहिले दोन दिवस तिला वाटतं, इथली सगळी माणसं एकमेकांशी भांडताहेत. भाजीवाला तिला विचारतो, "तुले काय पाह्यजे वं?" कंडक्टर म्हणतो, "सरक ना माय तिकडं." मग ती घरी येऊन काळजीच्या सुरात मला विचारते, "मी त्यांचं काय वाकडं केलंय गं?" काहीच नाही केलं. आम्ही असेच बोलतो. साहेब गावात आला तर पहिलं वाक्य 'तुमी'नं सुरू होतं खरं, पण तिसऱ्या वाक्याला त्याचा 'तू' झालेला असतो. त्यात आमचा अपमान करायचा हेतू नसतो, फक्त दम टिकत नाही.

अशा गावात माणिकराव हिवराळे नावाचा माणूस दिसेल त्याला 'जी' लावून बोलतो. बाहेरगावचा म्हणावा तर तोही इथलाच, चार कोसावरच्या खेड्यातला. वामनरावांच्या बिछायत केंद्रात तो कामाला आहे. लग्नकार्याला गाद्या, लोड, सतरंज्या भाड्यानं द्यायच्या, असं ते दुकान. माणिकराव गाद्या हातगाडीवर घालून पोचवतो, अंथरतो, कार्य झालं की झटकून परत आणतो. मांडवात एखादं पोरगं गादीवर झोपलेलं असलं तर त्याच्या कानाशी वाकून म्हणतो, "उठता का जी जराक? गादी न्यायची होती." ते पोरगं पाच वर्षांचं असतं. एकदा तर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. रस्त्यात गाय बसली होती. माणिकरावनं हातगाडी थांबवली, तिला म्हणाला, "सरकता का जी?" थोडा वेळ उत्तराची वाट पाहिली, "बरं, बसा," म्हणाला आणि गाडी वळवून दुसऱ्या गल्लीनं गेला.

मला असल्या माणसांचा फार राग येतो. माझं तोंड फटकळ आहे, हे सगळं गाव जाणतं. मी इथल्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आणि माझा तास चालू असला की शेजारच्या दोन वर्गांचंही मराठी आपोआप होतं. गायीला विचारून पुढे जाणारा माणूस पाहिला की मला वाटतं, त्याला धरून गदगदा हलवावं. लोक त्याच्यावर हसायचे आणि तोही त्यांच्यासोबत हसायचा, त्याचा तर मला अजून राग यायचा.

सोयाबीन निघून गेलं होतं तेव्हाची गोष्ट. मुलींसाठी पंधरा दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर घ्या आणि फोटो पाठवा, असा शाळेला आदेश आला. पी.टी.चे सर निवृत्त झाल्यापासून ती जागा रिकामी आहे. शिबिराची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. मीच का, असं विचारलं तर हेडमास्तर म्हणाले, "तुमचा आवाज आहे ना, योगिनी मॅडम."

शिकवायला बुलढाण्याहून गणेश सर आले. कमरेला काळा पट्टा, गळ्यात शिट्टी. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला कुणी बहिरा उभा असावा तसं ते बोलत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "आत्मविश्वास म्हणजे काय? आवाज! जिचा आवाज मोठा, तिचा आत्मविश्वास मोठा!" हेडमास्तरांनी माझ्याकडे वळून मान डोलावली. मग शंभरेक पोरींनी एका दमात "खबरदार!" अशी आरोळी ठोकली. शेजारच्या गल्लीतले एक म्हातारबाबा काठी घेऊन धापा टाकत धावत आले. त्यांना आम्ही बसवलं, चहा पाजला, समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पोरी रोज जीव तोडून "खबरदार!" ओरडत आणि कोणीसुद्धा येत नसे.

दोन दिवस हवेत लाथा मारून झाल्यावर गणेश सर म्हणाले, "आता गुंड पाहिजे. गुंडाशिवाय प्रॅक्टिस नाही."

शाळेत पुरुष मास्तर कमी नाहीत, पण गुंड एकही निघाला नाही. हेडमास्तरांची बीपीची गोळी चालू होती. विज्ञानाचे सर म्हणाले, उद्या वर्गात फळ्याकडे वळलो तर पोरी पाठीत लाथ घालतील. क्लार्कनं सरळ सांगितलं की घरून परवानगी नाही. गणेश सरांना स्वतः होता आलं असतं, पण मग शिट्टी कोण वाजवणार? एवढ्यात पोरींना पडायला म्हणून मागवलेल्या गाद्या घेऊन माणिकराव फाटकातून आत आला. सगळ्या मास्तरांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं.

"जय भीम, मॅडम," त्यानं हात जोडले. "गाद्या कुठी टाकायच्या जी?"

"माणिकराव, गुंड होता का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"काय करायचं असते जी त्याच्यात?"

"काही नाही. उभं राहायचं अन् मार खायचा."

"मंग जमते," माणिकराव म्हणाला. नाही म्हणणं त्याला आयुष्यात जमलेलं नव्हतं. शिवाय त्याची पायल आमच्याच शाळेत अकरावीत होती, त्यामुळे शाळेचं काम म्हणजे त्याला घरचंच वाटे.

त्याच्या पोटावर एक आणि पाठीवर एक अशा दोन गाद्या सुतळीनं आवळून बांधल्या, पायांना लोड बांधले. गाद्यांवर ठळक लाल अक्षरांत छापलेलं होतं, 'वामनराव बिछायत केंद्र, मोताळा'. ही बातमी वामनरावांपर्यंत पोचली तेव्हा त्यांनी हरकत तर घेतली नाहीच, उलट स्वतः मैदानावर येऊन पोरींना सांगून गेले, "मारा माय, लागन तितकं मारा. फक्त नावाच्या खाली मारा. फोटोत नाव दिसलं पाह्यजे."

पहिली पोरगी पुढे आली. माणिकराव वाट अडवून उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "थांबता का जी जराक?"

पोरगी हसून हसून खालीच बसली. मागची रांगही बसली. गणेश सरांनी शिट्टी वाजवली.

"गुंड 'जी' म्हणत नसतो हो! एकेरीत बोला, एकेरीत! म्हणा, ए पोरी!"

"ए…" माणिकराव अडखळला. "नाव काय जी हिचं?"

"नाव कायले पाह्यजे तुम्हाले?" सर चिडले की त्यांचीही भाषा मूळपदावर यायची.

"लोकाच्या लेकीले बिना नावानं कसं हाका मारावं जी?"

"गुंड हाये तुम्ही! तुम्हाले लाज नाही! म्हणा, चाल माझ्यासंग!"

"चालता का जी माह्यासंग?" माणिकराव म्हणाला, आणि त्या पोरीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "कुठं काका?" माणिकराव गांगरला. त्यानं वळून विचारलं, "कुठी न्यायचं हाये जी सर हिले?" गणेश सर डोकं धरून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "मॅडम, मी सतरा तालुक्यात शिबिरं घेतली. असा गुंड मले भेटला नाही." जाताना त्यांनी माणिकरावला गृहपाठ दिला. घरी जाऊन रोज संध्याकाळी एकेरीचा सराव करायचा.

चौथ्या का पाचव्या दिवशी पायलची पाळी आली. ही पोरगी वर्गात असते हे हजेरी घेतानाच कळतं, इतकी गप्प. बापासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सरका जी बाबा." आणि थांबली. तिचा बापही थांबला. आता पुढचं काय ते समोरचा करील म्हणून दोघं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिले. गणेश सर ओरडले, "खबरदार म्हण! जोरात!" पायलनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. डोळ्यांत पाणी मात्र आलं.

मी तिला बाजूला नेलं आणि जरा चढ्या आवाजातच विचारलं, कारण दुसरा आवाज मला येत नाही. तेव्हा तिनं सांगितलं. शाळा सुटल्यावर ती यष्टी स्टँडवर जायची तेव्हा तिथं फलाटाकडे जाणाऱ्या शेडच्या दाराशी एक पोरगा उभा असायचा. लाल बूट घालणारा, सोबत दोन-तीन टवाळ. तो हात आडवा करून दार अडवायचा. पायल म्हणायची, "सरका जी." तो म्हणायचा, "काय म्हणता जी? ऐकू नाही आलं जी." त्याचे मित्र सुरात म्हणायचे, "सरका जी, सरका जी." ती तिथंच थांबून राहायची आणि तिच्या डोळ्यांदेखत चारची गाडी निघून जायची. पुढची गाडी अंधार पडल्यावर. एकदा माणिकराव स्वतः गेला होता. त्यानं हात जोडून त्या पोराला म्हटलं, "दादा, आमच्या पोरीले जाऊ देत जा जी." तेव्हापासून ती टोळी बाप-लेकीच्या दोघांच्या नकला करू लागली. दिवसभर स्टँडवर त्यांचं तेच चाललेलं असे. चहा सांगायचा तर "चहा द्या जी", मित्राला हाक मारायची तर "या जी, बसा जी". त्यांना तो मोठा विनोद वाटत होता.

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, आत्ता चल ठाण्यात. पायलनं माझा हातच धरला. "नोका जी मॅडम. बोभाटा झाला तं माय उद्याच शाळा सोडवते."

म्हणून मी तिच्या आईकडेच गेले. शालूबाईंना पाहिल्यावर मला बरं वाटलं, कारण त्या घरात माझ्या जातकुळीचं माणूस निघालं. शालूबाई रोजानं वावरात जातात आणि यच्चयावत जगाला अरे-तुरे करतात. मी गेले तेव्हा त्या भाकरी थापत होत्या आणि ओसरीवर बाप-लेकीचा गृहपाठ चालला होता.

"ए पोरी," माणिकराव भिंतीकडे तोंड करून म्हणाला आणि लगेच वळला. "राग तं नाही आला ना जी, पायल?"

"नाही आला जी बाबा. आता तुमी 'कुठं चालली बे' म्हणा."

"कुठं चालली…" त्यानं मोठा श्वास घेतला. "कुठं चालल्या जी?"

"पाह्यलं?" शालूबाई मला म्हणाल्या. "हे असं रोज चालून राह्यलं. एक गुंड व्हायले निघाला अन् एक गुंडाले मारायले निघाली. अन् दोघंबी एकमेकाले चहा पाणी इचारून राह्यले." मग त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मुद्द्याचं बोलल्या. "हे पाह्य मॅडम, मी एकदा विळा घेऊन गेलती स्टँडवर. तो लाल बुटाचा पयाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी रोज मजुरी बुडवून तिथं उभी राहू का? दिवाळीपावतर पाह्यतो. एकटीनं चारच्या गाडीत चढून उजेडी घरी येत असन तं शिकन. नाही तं संग्रामपूरले बहिणीकडं धाडतो. मंग शाळा नाही अन् काही नाही. घरात राहीन, शिलाई शिकन."

पायल खाली मान घालून ओसरीवरच्या शेणाच्या सारवणावर बोटानं रेघा मारत होती. गणितात अख्ख्या तालुक्यात चमकेल अशी ती पोर. मला शालूबाईंना काहीतरी खरमरीत सुनवायचं होतं, पण अंधारात लेकीची वाट पाहत बसणं माझ्या वाट्याला आलेलं नाही. मी भाकरी खाल्ली आणि परत आले.

शिबिर पुढे चालू राहिलं. माणिकरावनं आठवड्याभरात 'ए'पर्यंत मजल मारली. "ए ताई," असं तो म्हणायचा आणि एखादी लाथ जोरात बसली की "वा! लय झ्याक मारता जी" असं कौतुक करायचा. पोरी त्याला गुंडकाका म्हणू लागल्या. डबा खाताना गुंडकाकांना आधी भाजी जायची.

त्यातच एक दिवस छकुली आली. छकुली म्हणजे पाचवीतलं पोर, शिबिरात तिचं नावही नव्हतं. तिला नळावर पाणी भरायचं होतं आणि नळाच्या वाटेत गाद्या बांधलेला माणिकराव हात पसरून उभा होता. बाटली हलवत ती सरळ चालत आली. "सरक ना काका, मले पाणी भराचं हाये," असं म्हणाली आणि चालतच राहिली. माणिकराव टुणकन बाजूला झाला. "या जी," म्हणाला.

मैदान हसून लोळलं. गणेश सरांची शिट्टी तोंडातून गळून पडली. "अवो, गुंडानं बाजूले व्हायचं नसते!"

"पण ते थांबलीच नाही ना जी सर," माणिकराव काकुळतीनं म्हणाला. "बाकीच्या पोरी वरडतात अन् मी काय करतो हे पाह्यत थांबतात. हे चालूनच राह्यली. आंगावर आली असती ना जी माह्या."

त्या दिवशी पायल हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहत होते, म्हणून लक्षात राहिलं. हसून झाल्यावर ती बराच वेळ नळाकडे जाणाऱ्या छकुलीच्या पाठीकडे बघत बसली होती.

पुढच्या चार दिवसांत तिचं काय चाललंय ते मला कळेना. ती फाटकाकडे चालत जायची, परत यायची. मधल्या सुट्टीत दाटीवाटीनं उभ्या असलेल्या बारावीच्या पोरींतून "सरका जी" म्हणत आरपार जायची आणि वळून पुन्हा आरपार यायची. आवाज तोच, उंदरानं पोत्यामागून बोलावं तेवढा. 'जी'सुद्धा तसंच शाबूत. एकदा मी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहून शिपायाला झापत होते, तेवढ्यात मागून आलं, "सरका जी मॅडम." मी सरकले. ती खोलीत वह्या ठेवून निघूनही गेली आणि नंतर माझ्या ध्यानात आलं की माझ्या दारातून मलाच या पोरीनं हलवलं आणि मला राग यायलाही वेळ मिळाला नाही. मी गणेश सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "आवाज कुठं आहे पण मॅडम? अन् ते 'जी' गेल्याशिवाय काही खरं नाही." खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटत होतं. माझ्या मते तिनं त्या लाल बुटवाल्याला चार शिव्या घालायला हव्या होत्या. मी त्यातल्या तीन तयारही करून ठेवल्या होत्या.

शेवटच्या दिवशी समारोप झाला. गुंडासोबत सगळ्या पोरींचे फोटो काढून झाले, त्यात वामनरावांचं नाव छान आलं. माणिकरावनं गाद्या हातगाडीवर रचल्या. गाडी भरली तरी त्याच्या अंगावरच्या दोन उरल्या. बांधलेल्याच आहेत तर अंगावरच नेतो म्हणाला आणि तसाच निघाला. बिछायत केंद्राची वाट स्टँडवरूनच जाते. आमच्या बाहेरगावच्या पोरी पुढे गेल्या होत्या. मीही गेले. मला कुठंही जायचं नव्हतं. चिवड्याच्या गाडीआड उभी राहून मी चिवडा खात असल्याचं नाटक करत होते.

गाडी लागलेली होती. शेडच्या दारात लाल बूट उभे होते. "आल्या बे, आल्या जी!" टोळक्यातला एक ओरडला. "या जी, या जी," दुसऱ्यानं सूर धरला. लाल बुटवाल्यानं हात आडवा केला. पायल दप्तर सांभाळत दाराकडे चालत निघाली.

नेमका त्याच वेळी रस्त्याच्या पलीकडून माणिकराव आला. त्यानं लेकीला पाहिलं, तो आडवा हात पाहिला, हातगाडी जागीच सोडली आणि धावला. जन्मात पहिल्यांदा तो कुणाच्या तरी अंगावर धावून जात होता. हात उगारलेला, तोंडानं "ए! ए!" असा तो पंधरा दिवस 'ताई'शिवाय न जमलेला शब्द. आणि फलाटावर उभ्या असलेल्या आमच्या पोरींनी काय पाहिलं? दोन गाद्या, लाल अक्षरं, वर उचललेला हात आणि समोर एक मुलगी.

"खबरदार!"

अख्खा स्टँड दणाणला. पंधरा दिवसांची सवय ती. दोन डझन पोरी दप्तरं टाकून त्याच्यावर तुटून पडल्या. कोपर, गुडघा, टाच, सगळं शिकवल्याप्रमाणे आणि सगळं नावाच्या खाली. गाद्यांच्या आतून माणिकरावचा आवाज येत होता, "अवो ताई, शिबिर संपलं जी! आज नाही जी! माहं काम हाये जी तिकडं!" कंडक्टर शिट्टी वाजवायला लागला. गणेश सरांची शिट्टी समजून पोरींना आणखीच चेव आला.

सगळी माणसं तिकडे पाहत होती. लाल बुटवालाही तिकडेच पाहत होता. पायलनं एकदा बापाकडे नजर टाकली. बापाला गाद्या बांधलेल्या होत्या, त्यामुळे काळजी नव्हती. गाडी मात्र सुरू झाली होती. ती चालतच राहिली, आणि आपल्या त्याच बारक्या आवाजात म्हणाली, "सरका जी, माही गाडी चालली."

तिनं पाऊल थांबवलं नाही. लाल बुटवाल्यानं दचकून मान वळवली तर ती त्याच्या हाताशी आलेली. कितीतरी महिने तो पठ्ठ्या नकला करत दिवसभर तेच एक बोलत होता. जिभेला वळण पडलेलं. हात खाली आला, लाल बूट बाजूला झाले आणि त्याच्या तोंडून अगदी अदबीनं निघालं, "या जी."

पायल गाडीत चढली.

"काय म्हटलं बे तू?" मित्रानं विचारलं.

"मी? मी कुठी काय…" त्याचे कान बुटांच्या रंगाचे झाले. मित्र पोट धरधरून हसायला लागले. मी हातातला सगळा चिवडा खाली सांडला होता. मला एवढा आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं, आणि मला, योगिनी मॅडमला, आवाजच फुटेना.

गाडी धूळ उडवत फाटकाबाहेर गेली. खिडकीत पायल बसलेली दिसली. इकडे कुठल्यातरी पोरीच्या लक्षात आलं, "अवं, हे तं गुंडकाका हायेत!" पोरींनी घाबरून त्याला उठवलं, धूळ झटकली. "काका, लागलं का हो?" पण माणिकरावचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तो त्या जाणाऱ्या गाडीकडे पाहत होता. मग तो खाली बसायला गेला. गाद्यांमुळे वाकता येईना म्हणून तो तसाच ताठच्या ताठ खाली टेकला आणि फलाटावर बसून ढसाढसा रडायला लागला.

"गेली… माही पोरगी गेली जी…"

बाकावर सत्यभामाबाई नावाची एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. तिनं एवढंच ऐकलं. बोचकं टाकून ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं पदर तोंडाला लावून गळा काढला. "अरे माय वं! कशी गेली रे बाप्पा? केवढी होती?"

"सतरा वर्साची जी," माणिकराव हुंदके देत म्हणाला.

"अरे देवा! कोवळा जीव!" म्हातारीनं कपाळावर हात मारला. लोक जमले. कुणी पाणी आणलं, एकानं डोक्यावरची टोपी काढली. चिवडेवाल्यानं गाडीवरचं गाणं बंद केलं. लाल बुटवाल्यानंसुद्धा खिशातले हात बाहेर काढून मान खाली घातली. मला पुढे होऊन सांगायला हवं होतं, पण मी हसत होते की रडत होते तेच मला समजत नव्हतं.

"कवा गेली?" टोपीवाल्यानं हळूच विचारलं.

"आत्ताच जी. चारच्या गाडीनं."

सत्यभामाबाईचा सूर अर्ध्यावर थांबला. "गाडीनं?"

"हो जी. एकटी."

"जित्ती हाये?"

"खिडकीत बसली होती ना जी."

म्हातारीनं पदर खाली केला, त्याला आणि त्याच्या गाद्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खेकसली, "मंग रडतो काऊन बे, मेल्या?"

माणिकरावनं दोन्ही हातांनी डोळे पुसले.

"आजपावतर जातच नव्हती ना जी ते."